डोळ्याचा पडदा, पटल आणि पदर

प्रश्न असा आहे : डॉक्टर ‘पडदा सरकलाय’ म्हणतात, पुस्तकात ‘दृष्टिपटल’ असतं, म्हणजे रेटिना, डोळ्यातलं मागचं प्रकाश टिपणारं आवरण. पटल म्हणजे थर. मग दृष्टिपटलाला दहा थर, म्हणजे थराला थर कसे?

संस्कृतात ‘पटल’ म्हणजे आच्छादन. डोळ्याच्या आवरणांना हा शब्द सुश्रुतापासून आहे. त्याने सहा पटलं सांगितली, पण त्यांतली दोन पापण्यांची, त्यामुळे आजच्या दहा थरांशी त्यांची जुळणी करू नये. आधुनिक परिभाषेत श्वेतपटल (डोळ्याचा पांढरा भाग), पारपटल (बुबुळापुढचा पारदर्शक भाग), दृष्टिपटल ही अख्ख्या आवरणांची नावं झाली, म्हणून आतल्यांना ‘थर’ म्हणणंच बरं. (‘दृष्टी’ समासात ऱ्हस्व, तेव्हा ‘दृष्टीपटल’ नको.) रेटिना मात्र लॅटिन ‘रेटे’वरून, म्हणजे जाळं. अरबीतही ‘शबकिय्या’, ‘शबका’वरून, म्हणजे जाळंच. आपल्या ‘दृष्टिपटल’ शब्दात ती जाळी आली नाही.

‘पडदा’ फारसी. बोलायला सोयीचा, पण फसवा. त्याने सिनेमाचा पडदा डोळ्यांपुढे येतो : प्रकाश आला, समोर आपटला, चित्र उमटलं. इथे प्रकाश आधी पुढच्या मज्जापेशींच्या थरांतून आरपार जातो, तेव्हा कुठे मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार आणि शंक्वाकार पेशींना लागतो. तिथून संदेश पुन्हा उलटा, पुढच्या थरांकडे. एवढा सगळा कारभार साधारण पाव मिलिमीटर जाडीत!

मला इथे पोळीचा शब्द चपखल वाटतो : पदर. घडीच्या पोळीचे पदर सुटतात ना, तसंच. पडदा ‘सरकतो’ तेव्हा दहावा, सगळ्यात मागचा रंगद्रव्याचा थर जागेवर राहतो आणि पुढचे नऊ एकत्र सुटून येतात. नेमके तिथेच का? गर्भात डोळा दुहेरी भिंतीच्या पेल्यासारखा घडतो. बाहेरची भिंत म्हणजे हा दहावा थर, आतली म्हणजे बाकीचे नऊ. दोन्ही एकमेकींना टेकतात, पण पक्क्या सांधल्या जात नाहीत. पुढच्या थरांना भोक पडलं की डोळ्याच्या आतला पातळ द्राव (अश्रू नव्हे) त्यातून मागे झिरपतो आणि पदर उचलला जातो. म्हणून ‘सरकला’पेक्षा ‘सुटला’ नेमकं; नाटकाच्या पडद्यासारखं बाजूला काही सरकत नाही.

गंमत म्हणजे रुग्णही पडद्याचंच बोलतो : ‘एका बाजूने काळा पडदा येतोय.’ तो पडदा निराळा, ती सुटलेल्या भागामुळे दिसणारी सावली. हे वाक्य ऐकलं तर शब्दचर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा.