मुलांना कामं दाखवायला पाठवताना

सर, नववी-दहावीच्या मुलांना पर्यावरणाशी जोडलेली कामं दाखवायची म्हणून सहलीसारखं एका दिवसात नाशिकचे प्रकल्प फिरवून आणू नका. तपोवनच्या मलजल शुद्धीकरण केंद्रात पाठवायचं तर सलग आठवडाभर पाठवा. पाण्याची बीओडी चाचणी, म्हणजे त्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं मोजमाप, २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते. सोमवारी ठेवलेल्या बाटलीचा निकाल गुरुवारीच हाती येतो. नमुना घेणं, नोंद ठेवणं, वाट बघणं, तिथल्या केमिस्टचं काम हेच. पंपावरचा ऑपरेटरही मुलांना भेटू द्या, नुसते साहेब नकोत. पाथर्डीच्या कचऱ्यापासून खत करणाऱ्या प्रकल्पावर निम्मी मुलं नाक दाबतील. दाबू देत! नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य मात्र थंडीसाठी राखून ठेवा. ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण पाहुणे पक्षी हिवाळ्यातच येतात. परवानगीचं पत्र महिनाभर आधी द्या, पालकांची संमती जोडूनच.