साध्या कॅमेऱ्याला भारी एआय लावलं तर पुरत नाही का, हार्डवेअरवर पैसे कशाला?

पुरत नाही भाऊ, मी हात पोळून घेतलाय. वरुडकडे आमच्या संत्र्याच्या ग्रेडिंग पट्ट्यावर मी कॅमेरा बसवला, लाल्याचा (कोळी किडीनं सालीवर पडणारा) डाग दिसला की फळ बाजूला काढायचं एवढंच काम. पण मेण लावलेलं फळ असं चमकायचं की चमकेखालचा डाग फोटोत यायचाच नाही, अन् मी येडा दोन महिने आणखी फोटो गोळा करून मॉडेललाच शिकवत बसलो. पिक्सेल पांढरा फटक झाला तिथं मॉडेल तरी काय पाहणार?

मग एलईडीवर पोलरायझरची फिल्म लावली, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी, आणि लेन्सवर दुसरी, 90 अंश फिरवून. चमक सालीवरूनच परतते, तिचं पोलरायझेशन, म्हणजे कंपाची दिशा, बदलत नाही म्हणून ती लेन्सपाशी अडते, अन् सालीत शिरून बाहेर आलेला प्रकाश विस्कटलेला असतो, त्यातला निम्मा आत येतो आणि डाग त्यातच असतो. उजेड मात्र लय कमी होतो, एलईडी वाढवावे लागले. मॉडेल तेच जुनं, फक्त नव्या फोटोंवर परत शिकवलं.

दुसरी भानगड ब्लरची, म्हणजे फळ सरकल्यानं फोटो फराटल्यासारखा येण्याची. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावतो, शटर 1/50 सेकंद उघडं ठेवलं तर तेवढ्यात फळ 10 मिमी सरकतं, 1/1000 ला अर्धा मिमी, पण मग परत उजेडाची बोंब.

यावर नाशिकचे संशोधक रमेश रासकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 2006 मध्ये भन्नाट डोकं लावलं होतं. एकाच फोटोच्या वेळात शटर ठरावीक कोडप्रमाणे उघडझाप करायचं. साध्या ब्लरमध्ये काही बारकावे कायमचे पुसले जातात, कोडवाल्या ब्लरमध्ये ते टिकतात आणि सॉफ्टवेअर ते परत काढतं. म्हणजे फोटो डोळ्याला विचित्रच दिसणार, कारण तो अल्गोरिदमसाठी काढलेला आहे! अट एकच, वस्तू किती अन् कुठं सरकली ते माहीत पाहिजे, ते पट्ट्यावर आपल्याला माहीतच असतं.

माझ्या कॅमेऱ्याचं शटर तसं चालत नाही. पण कॅमेऱ्याभोवतीचा डबा पूर्ण अंधारा करून एलईडीच त्या कोडवर लुकलुकवले तरी काम तेच होतं, येत्या आंबिया बहाराच्या मालावर ते करून पाहणार आहे.