एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून) मट हा टर्मिनलमधला मेल प्रोग्रॅम उघडला की मराठी मेलच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. सेटिंगमध्ये चारसेट (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) यूटीएफ-८ केला तर आकडे दिसू लागले. काय करावं?

आधी ती चारसेटची ओळ काढून टाका. मट स्वतःचा चारसेट लोकेलवरून, म्हणजे सिस्टिमच्या भाषा-लिपीच्या सेटिंगवरून, ओळखतो. हाताने लिहिलात की मट एक समजतो आणि मट जिच्यावर चालतो ती सिस्टिमची सी लायब्ररी दुसरंच, आणि तुमचे आकडे नेमके त्यातून आलेत. 'म' यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा असतो. लायब्ररीला ते बाइट छापण्याजोगे वाटत नाहीत, म्हणून मट ते अष्टमान पद्धतीत \३४०\२४४\२५६ असे दाखवतो. नुसती प्रश्नचिन्हं होती तेव्हा निदान दोघांचं एकमत होतं: इथे फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, चालतं.

म्हणजे दुखणं लोकेलचं आहे. सर्व्हरवर 'लोकेल चारमॅप' ही कमांड चालवा. उत्तरात १९६८ हा आकडा असलेलं एएनएसआयचं लांबलचक नाव आलं तर ते आस्कीच, म्हणजे तुम्ही 'सी' लोकेलमध्ये आहात. मग 'लोकेल -ए' करून सर्व्हरवर काय बसवलंय ते बघा. तुमचा लॅपटॉप एसएसएचमधून जे लोकेल पुढे पाठवतो ते तिथे तयारच नसेल, तर गुपचूप 'सी' लागू होतं. मॅकचं टर्मिनल तर कधीकधी भाषेचं नावच न देता नुसतं 'यूटीएफ-८' पाठवतं आणि लिनक्सला त्याचा अर्थ लागत नाही.

मराठी वाचायला मराठीच लोकेल हवं असं अजिबात नाही. डेबियन लिनक्सवर 'सी.यूटीएफ-८' तयार असतं, ते लँग या व्हेरिएबलमध्ये घाला. तसाच दुसरा व्हेरिएबल एलसी_ऑल मात्र कुठे सेट असेल तर काढा, कारण तो बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतो. टीमक्स (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर तो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. जुन्या सेशनमधल्या नव्या खिडक्यांनाही जुनंच लोकेल मिळतं.

हे होईपर्यंत मराठीत उत्तरं धाडू नका. 'सी' लोकेलमध्ये मट त्यांवर 'अननोन-८बिट' असा शिक्का मारतो आणि पलीकडच्याला काय दिसेल ते त्याच्या प्रोग्रॅमच्या मर्जीवर. लोकेल सुधारलं की मटच्या सेंड_चारसेट या सेटिंगला हात लावायची गरज नाही. त्याच्या यादीत शेवटी यूटीएफ-८ असतंच.

एवढं करूनही एखादाच मेल बिघडलेला दिसला तर बहुधा दोष पाठवणाऱ्याचा: हेडरमध्ये चारसेट चुकीचा लिहिलाय. तो मेल उघडून कंट्रोल-ई दाबा आणि चारसेट यूटीएफ-८ करा. चारसेट लिहिलेलाच नसेल अशा मेलांसाठी अझ्यूम्ड_चारसेट ही सेटिंग आहे.

मेलच्या यादीतले रकाने थोडे वेडेवाकडे राहतील. काना-वेलांटीला किती जागा द्यायची यावर लायब्ररी आणि टर्मिनल यांचं जमत नाही, आणि मटच्या सेटिंगमध्ये त्याला इलाज नाही. जोडाक्षरं फारच तुटत असतील तर एमएलटर्म हा टर्मिनल वापरून बघा.