तरंगऊर्जा म्हणजे भरतीची वीज नव्हे

‘समुद्राच्या लाटांपासून मिळणाऱ्या विजेबद्दल लिहिताना लाटऊर्जा म्हणावे, तरंगऊर्जा की भरतीऊर्जा?’ असे पुण्यातील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने विचारले आहे. तिसरा शब्द तिने आजच खोडावा. पुण्यातील व्याख्यानांतून तो वारंवार कानी पडतो आणि दर वेळी संताप येतो. कारण भरती-ओहोटी चंद्रसूर्यांच्या आकर्षणाने होते, तर लाटा वाऱ्याने उठतात. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली सुरू झालेले २४० मेगावॉटचे केंद्र भरतीचे आहे. केरळात विळिंजम येथे १९९१ साली उभारलेले १५० किलोवॉटचे केंद्र लाटांचे होते. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) ओळखणारे कोकणातील कोळी अशी गल्लत करणार नाहीत.

‘लाट’ सर्वांच्या परिचयाची आहे. खरा आनंद ‘तरंग’ या शब्दात आहे. तो ‘तॄ’, म्हणजे तरणे, पार होणे, या संस्कृत धातूपासून आला. संस्कृत व्याकरणातील उणादिसूत्रांची परंपरा त्याला ‘अंगच्’ प्रत्यय लावून मोकळी होते. प्रत्ययाने रूप सिद्ध होते, अर्थ उजळत नाही. मोनिअर-विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोश ‘पलीकडे जाणारा’ असा अर्थ देतो आणि मी ठामपणे त्याच्या बाजूचा आहे. खोल समुद्रात लाट पुढे सरकते तेव्हा पाणी जवळजवळ जागच्या जागी वर्तुळात फिरते. पलीकडे जाते ती ऊर्जा. माझी तर खात्री आहे की, हा शब्द घडवणाऱ्यांनी पाण्यावरचे पान तिथल्या तिथे खालीवर होताना आणि लाट पुढे जाताना नीट पाहिले असले पाहिजे. मराठीने पुढे त्या पानाच्या क्रियेलाही ‘तरंगणे’ म्हटले. म्हणून तरंगऊर्जा हाच शब्द लिहावा.

ही पार जाणारी ऊर्जा अडवणे मात्र कठीण आहे. विळिंजमला काँक्रीटच्या कोठीत पाणी चढे-उतरे, त्याने हवा आतबाहेर ढकलली जाई आणि तिच्यावर टर्बाइन फिरे. लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ८ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या २ मीटर उंचीच्या लाटांत दर मीटर रुंदीला ढोबळमानाने १६ किलोवॉट असतात, ४ मीटरच्या लाटांत ६४. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या लाटा मुख्यतः पावसाळ्यातच येतात. त्यामुळे यंत्र वादळाच्या माऱ्याला टिकेल इतके भक्कम बांधावे लागते, पण वर्षातील बराच काळ त्याला सौम्य लाटांवरच वीज निर्माण करावी लागते, आणि दर युनिटचा खर्च तिथेच फुगतो.