गेटवरच्या गनला न दिसलेला ताप

साथ वर आली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "शाळेत पाठवावं तर धास्ती, न पाठवावं तर वर्ष बुडतं. आणि पोरगं घरी काही घेऊन आलं तर?" त्यावर मी हल्ली उलट विचारते: तुमच्या मुलाने सकाळी सात वाजता 'घसा दुखतोय' म्हटलं, तर त्या दिवशी त्याचं काय काय बुडतं? हे विचारायला मला दहावीतल्या एका मुलाने शिकवलं. त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

गोष्ट जानेवारी 2022 ची, बडोद्यातली. कोविडच्या ओमिक्रॉनची लाट चढत होती. गुजरातेत पहिली ते नववी पुन्हा ऑनलाइन झाली, दहावी ते बारावीचे वर्ग मात्र शाळेत भरत होते. 3 जानेवारीपासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन लस मिळू लागली होती, पण दुसरा डोस 28 दिवसांनी, म्हणजे लाट ऐन भरात असताना बहुतेकांचा एकच झालेला. त्यात प्रिलिम तोंडावर. आदल्या वर्षी दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली होती आणि त्या मुलांना 'मास प्रमोशनवाले' हे बिरूद चिकटलं होतं. या मुलाची मोठी बहीण त्यांतलीच एक. घरात कुणी चेष्टेनेही तो शब्द उच्चारला तरी ती ताटावरून उठायची.

शाळा आळशी नव्हती, हे आधीच सांगते. बाकावर एकेक जण, तोही आडवातिडवा. पालकांचं संमतीपत्रक घेतलेलं. गेटवर ताप मोजायची गन, सॅनिटायझर आणि रजिस्टर. आता ती गन. जानेवारीच्या सकाळी सायकल मारत आलेल्या पोराच्या गार कपाळावर ती 94 सुद्धा दाखवायची. वॉचमनकाका तो आकडा इमानेइतबारे लिहून घ्यायचे आणि पोरगं आत जायचं. ज्याला अजून ताप आलेलाच नाही, पण लागण झाली आहे, त्याला तर कुठलीच गन धरू शकत नाही.

आणि जिन्याजवळ एक तक्ता होता. कुठल्या वर्गात किती दिवस एकही केस नाही, त्याचे चांदण्यांचे स्टिकर. दहावी-ब सगळ्यांत पुढे. ही कल्पना ज्या मीटिंगमध्ये निघाली तिथे मीही बसले होते आणि 'मुलांना उत्साह येईल' म्हणून मान डोलावली होती. केस निघाली तर वर्ग आठवडाभर बंद, आणि पालकांच्या ग्रुपवर रोल नंबरसकट मेसेज. तेव्हा त्यातही मला काही वावगं वाटलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक आई आली. मास्क नाकावर घट्ट बसवलेला, डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडम, तो आजीच्या खोलीच्या उंबऱ्याशीसुद्धा जात नाही. आजीला बरं वाटतंय आता, ती हाका मारते, आणि हा गॅलरीत बसून राहतो. हात धुऊन धुऊन सालपटं निघालीत. शाळेत तर जायचंच नाही म्हणतो."

मुलगा आला तो दाराला पाठ लावून बसला. पंधरा-वीस मिनिटं पतंगांविषयीच बोललो. मग त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पॅरासिटामॉल, 650. दोन खळगे रिकामे.

उत्तराण, म्हणजे गुजरातेतली पतंगांची संक्रांत, शुक्रवारी झाली, दुसऱ्या दिवशीची वासी उत्तराण शनिवारी. दोन्ही दिवस सगळी फळी धाब्यावर (आमच्याकडे गच्चीला सर्रास धाबंच म्हणतात): चुलतभाऊ, शेजारी, उंधियो, जिलबी, घसा फुटेस्तोवर 'काय पो छे'. रविवारी रात्री त्याचा घसा खवखवला. सोमवारी पहाटे अंग तापलं. घरच्या थर्मामीटरमध्ये 100.6. त्याने तो झटकून परत ठेवला, एक गोळी घेतली आणि शाळेत गेला. गनने 95 दाखवलं. मंगळवारी दुसरी गोळी. बुधवारी ताप नव्हता. गुरुवारी आजीला खोकला आला, शुक्रवारी तिची टेस्ट पॉझिटिव्ह. आजीला साखर आहे, पण दोन डोस झालेले. सात दिवस खोलीत राहिली, ऑक्सिमीटर एकदाही 95 च्या खाली गेला नाही. ज्याचं त्याचं नशीब, सगळ्यांचं इतक्यावर निभावलं नाही.

"माझ्यामुळे झालं ना?" त्याने विचारलं.

अशा वेळी 'नाही रे बाळा, तुझ्यामुळे कसं होईल' असं म्हणायला जीभ शिवशिवते. ते म्हटलं असतं तर तो परत आला नसता. त्याला खोटं ओळखता येत होतं, आठवडाभर तेच तर करत होता. मी कोरा कागद दिला आणि 13 ते 20 जानेवारीत आजीच्या जवळ कोण कोण आलं ते लिही म्हटलं. दूधवाला, इन्शुलिन द्यायला येणारा मेडिकलवाला पोऱ्या, आत्या, दोन्ही चुलतभाऊ, तिळगूळ द्यायला आलेल्या वाड्यातल्या तिघी. तेवीस नावं झाली. त्याने स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी लिहिलं आणि खाली इतकी जाड रेघ मारली की कागद फाटला.

मी म्हटलं, "आजीला यांतल्या कुणाकडून लागलं हे कुणालाच कळणार नाही. तुलाही नाही, मलाही नाही. गोळी घेऊन शाळेत गेलास, हे मात्र कळलंय. त्याचं काय करायचं ते बोलू."

पहिल्याचा निकाल लागणार नव्हता, म्हणून तो ते कुरतडत बसला होता. दुसऱ्याचं काहीतरी करता येण्यासारखं होतं. त्याला दोन माणसांना सांगायचं होतं, वर्गशिक्षिका बेनना आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राला. मित्राला सांगणं जड गेलं. मित्र म्हणाला, "मी पण घेतली होती, एक दिवस."

हे ऐकल्यावर मी आचार्यबेनकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेले. नावं सांगितली नाहीत. एवढंच म्हटलं की आपल्या तक्त्यावरच्या चांदण्या खोट्या आहेत, आणि तो तक्ता लावायला मीही हो म्हटलं होतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग शिपायाला बोलावून तक्ता उतरवला. ग्रुपवर रोल नंबर टाकणं बंद झालं, 'अमुक वर्गाच्या पालकांनी सात दिवस लक्ष ठेवावं' एवढंच. सकाळी फोन करून 'बरं नाही' सांगणाऱ्याची बुडलेली प्रिलिम शनिवारी पुन्हा, दाखला न मागता. थंडीपायी बंद ठेवलेल्या खिडक्या उघडल्या. आणि डबा, जिथे सगळ्यांचे मास्क एकदमच उतरतात, तो वर्गाऐवजी लॉबीत, भिंतीकडे पाठ करून. पोरांना ते अजिबात आवडलं नाही.

घरी काय करायचं, असं त्याच्या आईने विचारलं. मी म्हटलं, सकाळी 'बरा आहेस ना?' असं विचारू नका. त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं, आणि मूल तेच परत देतं. 'घसा कसा आहे?' असं विचारा, तेही दप्तर भरायच्या आधी. आणि त्याने 'दुखतोय' म्हटलं, तर पहिलं वाक्य परीक्षेचं नको.

मुलगा फेब्रुवारीत शाळेत परतला. हातांना खोबरेल लावायचं काम आजीने स्वतःकडे घेतलं होतं, आणि त्यासाठी त्याला उंबरा ओलांडावाच लागायचा.

दोन आठवड्यांनी आचार्यबेनचा फोन आला. गणिताच्या प्रिलिमला दोघांनी 'घसा खवखवतो' म्हणून कळवलं आणि संध्याकाळी दोघंही सूरसागर तलावाच्या काठावर सेव उसळ हाणताना शाळेच्याच सरांना दिसले. "बघा तुमचा नियम!" त्या म्हणाल्या. मी विचारलं, खरोखर बरं नाही म्हणून किती जणांनी कळवलं? रजिस्टर चाळल्याचा आवाज आला. "अकरा." मग म्हणाल्या, "त्या दोघांचा पेपर शनिवारी मी स्वतः काढते." आणि काढलाही. चांगलाच अवघड होता म्हणतात.