इन्सुलिनचा स्टॉक खरंच संपतो का?

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे, तरी हल्ली जेवणानंतरची शुगर उतरतच नाही. सोसायटीतले एक काका म्हणाले, गोळीने त्यांचा इन्सुलिनचा सगळा स्टॉक काढून संपवला. असं होतं का? इन्सुलिन आधीच साठवलेलं असतं की खाल्लं की बनतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही. स्वादुपिंडातल्या एकेका बीटा सेलमध्ये (इन्सुलिन बनवणारी पेशी) साधारण दहा हजार बारीक पिशव्या असतात, त्यात इन्सुलिन झिंकबरोबर स्फटिक होऊन बसलेलं असतं, पण सेलच्या कडेला येऊन अगदी सुटायच्या तयारीत असतात त्यातल्या शंभरात एक ते पाच. तुम्ही मामलेदारची मिसळ-पाव खाल्लीत की पहिल्या पाच-दहा मिनिटांत जे इन्सुलिन रक्तात येतं ते याच तयार पिशव्यांमधलं, मग आतल्या पिशव्या हळूहळू पुढे सरकतात आणि तोपर्यंत ग्लुकोज वाढलं म्हणून नवीन बनवायचं कामही जोरात सुरू झालेलं असतं, फक्त तो नवा माल तयार व्हायला दोनेक तास जातात.

आता खरी गंमत. किराणावाला जुना माल आधी खपवतो, बीटा सेल बरोबर उलटं करतो, ताज्या पिशव्या आधी सोडतो. न वापरलेल्या जुन्या पिशव्या काही दिवसांत सेल स्वतःच लायसोसोममध्ये, म्हणजे आपल्या आतल्या मोडतोडीच्या कप्प्यात, घालून मोडून टाकतो आणि त्यातला कच्चा माल परत वापरतो. म्हणजे जन्मभराचा कोटा वगैरे काही नसतो हो, रोज बनतं, रोज मोडतं.

मग काका पूर्ण चुकले का, तर नाही. ग्लिमेपिराइड बीटा सेलच्या कडेचं पोटॅशियमचं चॅनल (ये-जा करायचं दार) बंद करतं, त्यामुळे कॅल्शियम आत शिरतं आणि भरलेल्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात, शुगर कमी असली तरीही, म्हणून तर ही गोळी घेऊन जेवण चुकवायचं नसतं. टाइप 2 मध्ये शुगर सतत चढी राहिली की सेलला साठा भरून काढायला उसंत मिळत नाही, पहिल्या दहा मिनिटांचा तो झटका आधी जातो (जेवणानंतरची शुगर बिघडते ती बरीचशी यामुळे) आणि प्रोइन्सुलिन, म्हणजे ज्याला कापून इन्सुलिन बनतं ते कच्चं रूप, घाईघाईत अर्धवट कापलेलंच बाहेर पडायला लागतं. काही पेशंटना सुरुवातीलाच थोडे आठवडे इन्सुलिनची इंजेक्शनं दिली तर सेलला आराम मिळून तो झटका बऱ्यापैकी परत येतो. जुन्या शुगरमध्ये मात्र सेलच कमी झालेले असतात, तिथे एवढी आशा नको, आणि त्याला एकट्या गोळीला दोष देणं मला पटत नाही.

बाबांचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते बघायचं तर डॉक्टरांना सी-पेप्टाइडच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. प्रोइन्सुलिन कापलं की एका इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड हा तुकडा सुटतो, इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, त्यामुळे उद्या इंजेक्शन सुरू झालं तरी त्यांचं आपलं किती ते कळतं. त्याच वेळची शुगरही मोजून घ्या, नाहीतर नुसत्या आकड्यावरून काही अर्थ लागत नाही. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका, प्लीज.