दूरचा डोंगर मागे कसा न्यावा?

प्रश्न : मी जलरंगांत निसर्गचित्रे काढतो. दूरच्या डोंगरावर झाडी आहे म्हणून तो हिरवा रंगवतो. परंतु चित्र पूर्ण झाल्यावर तो जवळच्या झाडांना चिकटून उभा असल्यासारखा वाटतो. काय करावे?

उत्तर : डोंगरावर हिरवी झाडी आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि डोळ्यांपेक्षा त्या माहितीवर विसंबून आपण रंग उचलतो, गोम इथेच आहे. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये कित्येक किलोमीटर हवा असते. ती निळा प्रकाश अधिक विखुरते आणि तो प्रकाश डोंगराच्या गडद भागांवर पडद्यासारखा पसरतो. म्हणून अंतर वाढते तसतशा सावल्या फिक्या व निळसर होतात, छायाप्रकाशातला फरक कमी होतो आणि कडा मवाळ होतात. लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) यांनी आपल्या टिपणांत याचा बारकाईने विचार केला आहे. मात्र दूरचे सारे निळेच असते असे समजू नये. फार दूरचे बर्फाच्छादित शिखर अनेकदा किंचित पिवळसर दिसते, कारण त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा अंश वाटेतच विखुरला जातो.

रंगाला हात लावण्यापूर्वी डोळे अर्धवट मिटून पाहावे, म्हणजे तपशील पुसट होऊन गडद-फिक्याच्या मोजक्या पायऱ्या उरतात. माझ्या मते निम्मे चित्र तिथेच ठरते. दूरच्या डोंगरासाठी अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून तो भरपूर पाण्याने पातळ करावा. शिखररेषा कोरड्या कागदावर रंगवावी आणि रंग ओला असतानाच, पाणी टिपून घेतलेल्या ओलसर कुंचल्याने तो पायथ्याकडे विरवत न्यावा. कुंचल्यात पाणी जास्त राहिले, तर ते अर्धवट सुकलेल्या रंगात शिरून वेड्यावाकड्या कडांचे डाग पाडते. हा थर पूर्ण सुकल्यावरच त्यापुढची टेकडी थोड्या गडद रंगाने रंगवावी. जलरंग सुकल्यावर फिका होतो, त्यामुळे छटा आधी वेगळ्या कागदावर सुकवून पाहिलेली बरी.

ट्यूबमधला हिरवा जवळच्या झाडांसाठीही जसाच्या तसा वापरू नये. उन्हातल्या पानांसाठी त्यात पिवळा आणि सावलीसाठी बर्न्ट सिएना मिसळावा. सर्वांत गडद छटा व रेखीव कडा याच भागासाठी राखून ठेवाव्यात. हाती असलेल्या चित्रात डोंगराचा रंग ओलसर कुंचल्याने हळूहळू सैल करून टिपकागदाने उचलून पाहावा. कागद जाड असेल आणि रंग त्यात फार मुरलेला नसेल, तर तो बराच फिका होतो.